दाराची बिजागरी

आपल्या कादंबऱ्यांतून मोटार येते ती बहुधा नुसती ‘मोटार’ असते. लेखक हौशी असला तर तिला रंग मिळतो, फारच जागरूक असला तर नाव मिळते. नाव दिले की वास्तवाचे देणे फिटले असे आपण समजतो आणि टीकाकारही तशी पावती देऊन मोकळे होतात. माझ्या पहिल्या कादंबरीला अशी पावती मिळाली होती. तीत माझ्या ‘तपशिलांच्या काटेकोरपणा’ची तारीफ होती. ते कात्रण मी अजून जपून ठेवले आहे. आता त्याकडे पाहताना संकोच वाटतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मेहकरच्या बसस्थानकाजवळ चहा घेत उभा होतो. लोणारच्या दिशेने एक जुनी, फिक्या हिरव्या रंगाची, पाठ वाकवलेली गाडी निघाली होती. शेजारचा माझा विद्यार्थी ओरडला, “सर, अ‍ॅम्बॅसिडर!” मीही मान डोलावली. जुनी आहे, गोल आहे, तर मग अ‍ॅम्बॅसिडरच. आमची ओळख एवढ्यावरच संपते. नाव सापडले आणि पाहणे थांबले.

पण गतिरोधकापाशी गाडी क्षणभर थांबली. दार नीट लागले नसावे. चालवणाऱ्याने ते उघडून पुन्हा ओढून घेतले. ते दार उलटे उघडले! मूठ पुढच्या बाजूला, बिजागरी मागे, दोन दारांमधल्या खांबावर. मागे बाकावर एक म्हातारे मेकॅनिक बसले होते. कप खाली न ठेवता ते म्हणाले, “अ‍ॅम्बॅसिडर कायची, सर? डुक्कर फियाट हाय ते.”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. यंत्रविद्या माझा विषय नव्हे. पण घरी जाऊन शोध घेतला. १९५३ साली इटलीत निघालेली ही फियाट ११०० पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली. पद्मिनी ही तिच्याच घराण्यातली, पण तिच्यापर्यंत येता येता अंगाचा गोलवा गेला आणि पुढच्या दारांच्या बिजागऱ्याही पुढे सरकल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली. ‘डुक्कर’ हे नाव मात्र कोणत्याही कारखान्याने दिलेले नाही. ते बघणाऱ्यांनी दिले. आणि ज्याने प्रथम दिले, त्याने आधी गाडीचे अंग पाहिले होते, हे उघड आहे. आमच्यासारख्या लेखकांपेक्षा तो मनुष्य सरस.

(तिला ‘व्हिंटेज’ म्हणावे काय, यावर दोन मते आहेत. इंग्लंडातले शौकीन १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच तो मान देतात. आपल्याकडच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी त्या नावाला पात्र ठरते आणि नव्या नोंदणीत तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आमच्या मेकॅनिककाकांना दोन्हींचे सोयरसुतक नाही.)

आता माझ्या कादंबरीविषयी. काळ १९५५चा. माहेरी परत आलेली मुलगी भावाशेजारी पुढच्या आसनावरून उतरते. बाप समोर, घराच्या ओट्यावर उभा आहे. उघडलेल्या दाराआड तिचा चेहरा झाकला जातो. ती रडत होती हे त्याला कळत नाही आणि तो बोलू नये ते बोलून जातो. पुढची साठ पाने त्या एका वाक्यावर उभी आहेत. गाडीचे नाव मी ठसक्यात दिले होते: अ‍ॅम्बॅसिडर.

१९५५ साली अ‍ॅम्बॅसिडर नव्हतीच. तिच्या आधीची लँडमास्टर होती. पण सालाची चूक लहान. ‘फियाट’ लिहिले की ती सुधारते, असे मला प्रथम वाटले. मग बसस्थानकावरचे ते दार आठवले. फियाटचे पुढचे दार उघडले की ते उतरणाऱ्याच्या मागे जाते. समोर उभ्या असलेल्या बापाला मुलगी डोक्यापासून पायापर्यंत दिसली असती, डोळ्यांसकट. मग तो तसे बोललाच नसता.

टीकाकाराने माझ्या वस्तू मोजल्या; कंदील, पितळी तांब्या, मोटार, सगळे जागेवर होते. त्या वस्तू काय करू देतात आणि काय करू देत नाहीत, हे त्यानेही पाहिले नाही आणि मीही नाही. कंदिलाच्या उजेडात चेहरा किती दिसतो, भरला तांब्या घेऊन माणूस किती लवकर वळतो, यांवर पात्रांचे वागणे ठरते. त्या अर्थाने माझी गाडी सजावटीची होती. ती हलत होती एवढेच.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने मुलीला मागच्या आसनावर बसवले आहे. फियाटचे मागचे दार सरळ उघडते. तिचा चेहरा झाकला जातो. मात्र आधीच्या पानावर, वाटेत ती भावाचा स्टिअरिंगवरचा हात धरते. तो हात आता तिला पोचत नाही.