मतदार बदलला की मत बदललं?

आजच्या बोलण्याचं निमित्त एक पुस्तक आहे. जॉन ज्यूडिस आणि रुय टेशेरा या दोघांनी २००२ साली लिहिलेलं ‘द इमर्जिंग डेमोक्रॅटिक मेजॉरिटी’. पुस्तक अमेरिकेबद्दल आहे, पण त्यातला युक्तिवाद आपल्याला चांगलाच ओळखीचा वाटेल. मुंबईत तो ‘मराठी टक्का’ या दोन शब्दांत मांडला जातो. कुणाची संख्या वाढते आहे, कुणाची घटते आहे हे मोजा, म्हणजे उद्या सत्ता कुणाची हे कळेल, असा हा हिशेब.

लेखकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हिस्पॅनिक, आशियाई आणि कृष्णवर्णीय मतदार वाढताहेत, शिकलेला नोकरदार वर्ग आणि नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढताहेत. हे सगळे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले आहेत. म्हणजे बहुमत त्या पक्षाकडे सरकणार. पुस्तक आलं त्याच वर्षी रिपब्लिकन जिंकले, २००४ला बुश पुन्हा निवडून आले. लोक हसले. मग २००८ साली ओबामा आले आणि हेच पुस्तक एकदम भविष्यवाणी ठरलं.

आता आधी त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मांडतो, कारण टीका करायची तर समोरच्याचं उत्तम ते घेऊन करावी. मतदानोत्तर पाहण्यांनुसार १९८८ साली डुकाकिस यांना गोऱ्या मतदारांपैकी साधारण ४० टक्के मतं मिळाली आणि ते सपाटून हरले. २०१२ साली ओबामांना गोऱ्यांची ३९ टक्के मिळाली आणि ते आरामात जिंकले! मधल्या काळात एकूण मतदानातला गोऱ्यांचा वाटा ८५ टक्क्यांवरून ७२वर आला होता. म्हणजे मतदारांची रचना बदलल्याने निकाल बदलतो, हे खोटं नाही. ते मोडीत काढायला मी उभा नाही.

अडचण पुढे आहे. या गणितात दोन आकडे असतात. एक, गट केवढा. दुसरा, त्या गटातले किती जण कुणाला मत देतात. पहिला आकडा जनगणनेतून येतो, सावकाश हलतो, म्हणून तो खात्रीचा वाटतो. दुसरा आकडा मात्र जणू दगडावर कोरलाय असं धरून चाललं जातं. आणि हलतो नेमका तोच.

टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेला लागून स्टार नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं धरा. तिथले ९५ टक्क्यांहून जास्त लोक हिस्पॅनिक. २०१२ला ओबामांना तिथे १०० पैकी ८६ मतं होती. २०१६ला हिलरी क्लिंटनना ७९. २०२०ला बायडन यांना ५२. आणि २०२४ला ट्रम्प जिंकले; १८९२नंतर तिथे जिंकलेले पहिले रिपब्लिकन उमेदवार. बारा वर्षांत तिथली माणसं बदलली का? नाही. त्याच गल्ल्या, तीच आडनावं. तेलक्षेत्रातली आणि सीमा-सुरक्षेतली नोकरी, महागाई, चर्च, सीमेवरून येणाऱ्यांबद्दलचं मत, यातलं काय कुणाला जास्त टोचलं यावर वाद घालता येईल. पण ‘हिस्पॅनिक’ या शिक्क्याखाली हे काहीच दिसत नव्हतं.

उलट दिशेने वेस्ट व्हर्जिनिया बघा. कोळशाच्या खाणी, कामगार संघटना, आणि लोकसंख्येत ९० टक्क्यांहून जास्त गोरे. डुकाकिस देशभर हरले तेव्हाही हे राज्य त्यांच्याबरोबर होतं. क्लिंटन दोनदा जिंकले. २००० साली ते निसटलं आणि २०१६ला ट्रम्प यांना तिथे ६८ टक्के मतं पडली. लोकसंख्येचा तक्ता जवळपास जसाच्या तसा, निकाल मात्र पूर्ण उलटा.

गंमत अशी की लेखकांना हे अगदी माहीत नव्हतं असं नाही. गोऱ्या श्रमिक वर्गाला सोडून चालणार नाही, असं याच पुस्तकात आहे. टेशेरांनी तर २००० साली जोएल रॉजर्स यांच्याबरोबर त्याच वर्गावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पण वाचणाऱ्यांनी शीर्षक घेतलं आणि अट टाकून दिली. याचा दोष मी निम्मा वाचकांना देईन, निम्मा लेखकांनाही. असं विजयी शीर्षक दिल्यावर आतली अट कोण वाचणार? २०१६ला पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतल्या सुमारे ७८ हजार मतांनी अध्यक्षपद फिरलं. कॅलिफोर्नियातली लाखो वाढीव मतं तिथे काही कामाची नव्हती.

आता आपल्याकडे येतो. मुंबई महापालिकेत शिवसेनेच्या जागा: १९६८ला ४२, १९७८ला २१, १९८५ला ७४. एकूण जागा १४०च्या १७० झाल्या हे खरं, पण तेवढ्याने ही उडी समजत नाही. सतरा वर्षांत मराठी टक्का आधी निम्मा आणि मग तिप्पट-चौपट झाला होता का? ७८ला आणीबाणीला दिलेला पाठिंबा भोवला, जनता पक्षाची लाट होती. ८५ला मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार ही भीती प्रचाराच्या केंद्रस्थानी आली. मतदार बहुतेक तेच होते, त्यांच्यापुढचा प्रश्न बदलला होता. पुढे २००१ ते २०११ या काळात मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे थोडे घटले, हिंदी सांगणारे सुमारे १० लाखांनी वाढले. तरी २०१७ला शिवसेनेच्या ८४ जागा आल्या, २०१२पेक्षा नऊ जास्त. त्याच वेळी भाजप ३१वरून ८२वर गेला, तेव्हा टक्क्याचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. पण पाच वर्षांत ५१ जागा वाढतात त्या स्थलांतराने नव्हे. त्यात युती तुटणं आहे, २०१४नंतरचं वारं आहे, काँग्रेसचं घसरणं आहे.

मला या पुस्तकाचं सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. असा हिशेब एकदा रूढ झाला की दोन्हीकडचं राजकारण बिघडतं. ज्यांना ‘आपलेच’ धरलं, त्यांच्या दारात पक्ष जाईनासा होतो. स्टार काउंटीत काहीसं तेच झालं. आणि ज्यांची संख्या घटते आहे, त्यांना सांगता येतं की बघा, तुम्हाला बाजूला सारण्याचा बेत उघडपणे छापून आलाय. २०१२च्या पराभवानंतर रिपब्लिकन पक्षाच्या अहवालाने स्थलांतरितांबद्दल मवाळ व्हा असा सल्ला दिला होता. ट्रम्प यांनी नेमकं उलटं केलं, तीच भीती हाताशी धरली आणि जिंकले. शिवाय पुढे हिस्पॅनिक मतंही वाढवली! हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

एक उलट उदाहरणही आहे. कॅलिफोर्निया १९६८ ते १९८८ अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत रिपब्लिकन होता, १९९२पासून एकदाही नाही. तिथे लोकसंख्या खरोखर बदलली. पण १९९४ला कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या सुविधा काढून घेणारा ‘प्रपोझिशन १८७’ आला, गव्हर्नर विल्सन त्याच्या जोरावर निवडून आले, आणि त्याच रागातून असंख्य लॅटिनो नागरिक मतदार म्हणून नोंदले गेले. संख्या आधीपासून होती. तिचं मतात रूपांतर त्या एका ठरावाने केलं.

ज्यूडिस-टेशेरांनी २०२३ साली ‘व्हेअर हॅव ऑल द डेमोक्रॅट्स गॉन?’ लिहिलं. प्रामाणिक पुस्तक आहे, पण आता सगळं खापर पक्षातल्या सुशिक्षित शहरी मंडळींवर फोडलंय, तेही मला पुरेसं वाटत नाही. चिठ्ठ्या बऱ्याच आलेल्या दिसतात, आणि अपेक्षेप्रमाणे निम्म्या मुंबईबद्दल आहेत. पहिली चिठ्ठी मतदारसंघांच्या पुनर्रचनेची आहे, तिथूनच सुरुवात करू.