विज्ञानकथेत विज्ञान किती असावे?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासात एक योग असा जुळून आला की, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले आणि त्यापुढचे, डिसेंबर २०२१ मधील नाशिकचे ९४वे संमेलन डॉ. जयंत नारळीकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. प्रकृतीमुळे नारळीकरांना तेथे प्रत्यक्ष जाता आले नाही, ही गोष्ट वेगळी. एकापाठोपाठ एक धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ! पहिल्या निवडीचा आनंद आपल्या समाजात घरोघरी साजरा झाला. दुसऱ्याच्या कथा आपल्या घरांत किती वाचल्या जातात, असा प्रश्न तेव्हा मनात आला होता. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये आणि नारळीकर मे २०२५ मध्ये आपल्यातून गेले. आता त्या कथांकडे आदरांजलीच्या सुरात नव्हे, तर समीक्षेच्या दृष्टीने पाहण्यास हरकत नसावी.

विज्ञानकथेविषयी बोलताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : यातले विज्ञान खरे आहे का? जणू दुधात पाणी किती, हे पाहावयाचे आहे. हा प्रश्न जुना आहे. ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये आपले प्रवासी तोफेतून चंद्राकडे धाडले. १९०१ मध्ये एच. जी. वेल्सने गुरुत्वाकर्षण अडविणारे 'कॅव्होराइट' नावाचे द्रव्य कल्पून आपली माणसे तेथे पोहोचविली. त्यावर वृद्ध व्हर्नने तक्रार केली की, मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ मात्र मनाला येईल ते निर्माण करतो. तक्रार ऐकावयास बरी वाटते. पण गणित मांडून पाहावे. व्हर्नची तोफ ९०० फूट लांबीची. एवढ्या अंतरात पृथ्वीचे बंधन तोडणारा, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग गाठावयाचा, तर आतल्या माणसांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक भार येईल. तिघेही प्रवासी तोफेच्या तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच परलोकी पोहोचले असते. म्हणजे अशक्य दोघांचेही. फरक इतकाच की, वेल्सने आपले अशक्य एका शब्दात उघड सांगून टाकले आणि त्यानंतर तो इमानाने वागला. व्हर्नने ते आकड्यांच्या रांगेमागे झाकले. तरीही 'केरळ कोकिळ' मासिकातून १९०० साली 'चंद्रलोकची सफर' या नावाने व्हर्न मराठीत आला, तेव्हा आमच्या पणजोबांच्या पिढीला चंद्र हे जाण्याचे ठिकाण आहे, ही कल्पना प्रथम भेटली. चुकीच्या तोफेने केवढे काम केले!

मराठीत स्वतंत्र विज्ञानकथेचा आरंभ १९१५ मधील श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या कथेपासून मानतात. परंतु या प्रकाराला घर मिळाले ते १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाल्यावर. परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव नारळीकरांचे होते. केंब्रिजमध्ये नाव कमावलेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकाने आपली कीर्ती दाराबाहेर ठेवून कथा म्हणून कथा पारखून घ्यावी, हे मला फार आवडते.

विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेच्या अंगणात हा प्रकार वाढला, याचा लाभ झाला तसा तोटाही झाला. कितीतरी मराठी विज्ञानकथांत एक काका असतात आणि एक पुतण्या असतो. पुतण्या विचारतो, "काका, म्हणजे काय हो?" आणि काका दोन पाने बोलतात. विज्ञान अचूक असते. कथा मात्र बाहेर चपला काढून ताटकळत उभी राहते. आम्हा प्रवचनकारांना हा दोष चटकन ओळखू येतो, कारण तो आमच्याही व्यवसायाचा दोष आहे. बोध आधी ठरवावा आणि मग त्याला साजेसा दृष्टान्त शोधावा, असे झाले की दृष्टान्त मरतो.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या रोगातून बव्हंशी सुटलेली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघाताच्या क्षणी दुसऱ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तेथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे कानाजवळून निघून गेली, एवढाच फरक. प्राध्यापक पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईस येतात. वाटेत सरहद्दीच्या स्थानकावर परवाने तपासले जातात, कारण मुंबई अजून इंग्रजांकडे आहे. बोरीबंदरला ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी दिमाखात उभी आहे. कथेत आमच्या भायखळ्याचे नाव येत नाही, पण त्या गाडीला इथूनच जावे लागले असणार. आणि राणीच्या बागेला आता जिजामातेचेच नाव आहे, त्यामुळे भायखळ्याच्या वाचकाला उगाच आपण खिडकीतून तिला पाहिल्यासारखे वाटते. फोर्टमधल्या रस्त्यांवरून हिंडताना गंगाधरपंतांना जे दिसते ते ओळखीचेही आहे आणि परकेही. हाच या कथेचा खरा चमत्कार आहे.

पुढे ते टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात. जग बदललेले पाहून हा गृहस्थ देवाचा धावा करीत नाही की पोलिसांकडे जात नाही. तो संदर्भग्रंथ उघडतो! इतिहासाचा सांधा नेमका कोठे बदलला, ते शोधतो. अखेरीस आपल्या जगात परतल्यावर त्यांच्याजवळ उरते ते बखरीचे एक फाटलेले पान. त्या पानावर गोळी चुकल्याचे छापलेले आहे. आपल्या प्रतीत ती लागल्याचे.

त्यानंतर राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र येतात आणि कॅटॅस्ट्रॉफी थिअरी व पुंजयामिकी यांच्या साहाय्याने घडलेल्या प्रकाराची उपपत्ती सांगतात. इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे आधी सांगता येत नाही, तसेच गोळीचे. येथे मात्र मला थांबावेसे वाटते. बंदुकीची गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे; अणूंच्या राज्यातील अनिश्चितता पानिपताच्या मैदानावर इतक्या सहज उतरत नाही, आणि हे नारळीकरांइतके कोणास ठाऊक असणार? म्हणजे कथेतील हा सर्वांत 'वैज्ञानिक' भाग विज्ञान म्हणूनच सर्वांत सैल आहे. तो काढून टाकला तरी कथा उभी राहते. ते फाटके पान काढले, तर ती कोसळते. पुराव्यावाचून विश्वास ठेवावयाचा नाही, पण पुरावा हाती आला तर तो कितीही अडचणीचा असला तरी नाकारावयाचा नाही, ही वृत्ती त्या पानात आहे. कथेतले विज्ञान मोजावयाचे तर मी तेथे मोजीन. सिद्धान्तांच्या नावांत नव्हे.

'धूमकेतू' या कथेबाबत माझे मत इतके अनुकूल नाही. हौशी खगोलनिरीक्षक दत्तदा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. अण्वस्त्रे घेऊन गेलेले यान त्याची वाट बदलते. या विज्ञानात बोट ठेवण्यासारखे फारसे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये 'नासा'च्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळून त्याची कक्षा खरोखरच बदलून दाखविली. स्फोटाने नव्हे, केवळ धडकेने. पण कथेचा दुसरा अर्धा भाग घरात घडतो. दत्तदांच्या पत्नी इंद्राणीदेवी अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ करवितात, नातवालाही त्यात ओढतात, आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला देतात. दत्तदा विषण्ण होतात. कार्यकारणभावाच्या प्रश्नावर मी दत्तदांच्या बाजूचा आहे. प्रार्थना ही आकाशातील दगड ढकलण्याची पहार नव्हे. माझा आक्षेप वाङ्मयीन आहे. इंद्राणीदेवींना भीती वाटते, आणि भ्यालेले माणूस काय करते, हे पाहण्याइतका वेळ लेखक त्यांना देत नाही. धूमकेतूची कक्षा त्याने काळजीपूर्वक आखली. बाईचे मन मात्र अंदाजाने. निकाल आधीच ठरलेला असेल तर त्याला प्रयोग कसे म्हणावे?

याउलट आर्थर क्लार्क या अश्रद्ध लेखकाची १९५५ ची 'द स्टार' ही कथा पाहावी. निवेदक येशूसंघीय धर्मगुरू आहे आणि खगोलभौतिकीचा अभ्यासकही. पृथ्वीपासून तीन हजार प्रकाशवर्षांवर, एका स्फोट पावलेल्या ताऱ्याच्या सर्वांत दूरच्या ग्रहावर, त्याच्या पथकाला एका नष्ट झालेल्या सुंदर संस्कृतीने जपून ठेवलेला ठेवा सापडतो. तो धर्मगुरू गणित करतो : स्फोट केव्हा झाला, त्याचा प्रकाश पृथ्वीवर केव्हा पोहोचला? उत्तर बेथलेहेमच्या रात्रीवर येऊन थांबते. येथे प्रकाशाचा वेग काढून टाका, कथाच उरत नाही. आणि गंमत अशी की, तिच्यातले काही विज्ञान जुने झाले आहे. स्फोटानंतर मध्यभागी श्वेतबटू तारा उरल्याचे क्लार्क लिहितो. आज अशा महास्फोटांनंतर न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते, किंवा बहुधा काहीच उरत नाही, असे मानतात. स्पंदन पावणारे न्यूट्रॉन तारे १९६७ पर्यंत कोणी पाहिलेही नव्हते. या त्रुटीने कथेच्या वेदनेला ओरखडाही पडत नाही. काळाच्या ज्ञानात जे नव्हते त्याबद्दल लेखकास दोष देता येत नाही. जे ज्ञात होते ते सोयीसाठी बाजूस सारले, तरच द्यावा.

काही धर्मनिष्ठ वाचक या कथेला ईश्वरनिंदा समजतात. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. ज्ञानी पुरुषांना वाट दाखविणाऱ्या ताऱ्यामागोमागच हेरोदाचे सैनिक येतात आणि बेथलेहेमची बालके मारली जातात. त्या निष्पाप बालकांचा सण आपण २८ डिसेंबरला, नाताळच्या गोठ्यावरचा कागदी तारा उतरण्यापूर्वीच पाळतो. त्या ताऱ्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न क्लार्कने बाहेरून आणलेला नाही. त्याने केवळ बालकांच्या जागी एक अख्खे जग ठेवले, आणि प्रश्न विचारणाऱ्या धर्मगुरूला पुरेपूर बुद्धी दिली. इंद्राणीदेवींना हे दान मिळाले असते तर!

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकथाकार होते. विश्वाला आरंभ आहे, ही कल्पना बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ मध्ये आदिअणूच्या रूपाने मांडली, आणि हॉइल आयुष्यभर तिच्याविरुद्ध उभे राहिले. १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' या कादंबरीत त्यांनी आपले मत एका बुद्धिमान मेघाच्या तोंडी घातले आहे. आपल्या जातीतला पहिला कोण, असे विचारल्यावर तो मेघ म्हणतो की, पहिला असा कोणी नव्हताच. १९६५ मध्ये विश्वाच्या पार्श्वभूमीवरील प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञांच्या लेखी वाद संपला. लमेत्र यांना ही वार्ता १९६६ मध्ये, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी कळली. हॉइलची कादंबरी मात्र अजून वाचली जाते, आणि तो मेघ आरंभ नाकारतो तेव्हा लमेत्र यांच्या बाजूचा वाचकही त्याच्याशी वाद घालीत नाही. कोट्यवधी वर्षे अंतराळात एकट्याने हिंडलेल्या मेघाला दुसरे काय वाटणार?