अंकांची उजवी कड

सप्टेंबर लागला की गारगोटीत सभासदांच्या घरी अहवाल येऊन पडू लागतात. दूध संस्था, सेवा सोसायटी, पतसंस्था. सगळ्यांना वार्षिक सभा तीस तारखेच्या आत उरकायची असते. लोक लाभांश किती टक्के एवढं पाहतात. मी मधलं पान उघडतो. ताळेबंद.

त्याचं रूप १९६१च्या सहकारी संस्था नियमांतल्या ‘एन’ नमुन्यानं बांधून दिलंय. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी आणि तळाशी एकाच ओळीत समोरासमोर दोन सारख्या बेरजा. सगळी गंमत आकड्यांच्या उजव्या कडेत. एककाखाली एकक, दशकाखाली दशक. ती कड सरळ असली की नजर ओळंब्यासारखी खाली उतरते आणि चुकलेला आकडा आपोआप खुपतो.

छापखान्यात खिळे जुळवण्याच्या काळी ही कड हातानं यायची. पुढं पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डानं डॉसवर मराठी आणली आणि डॉट मॅट्रिक्सनं कड फुकट दिली, कारण तिथं प्रत्येक आकड्याला सारखंच घर. किंमत मोजली ती शब्दांनी. दोन बाजू ऐंशी घरांत कोंबायच्या, म्हणून ‘बुडीत व संशयित कर्ज निधी’चा ‘बु. सं. क. निधी’ झाला. मला ती काटकसरही आवडते.

मग पेजमेकर आणि श्रीलिपी आली. मुखपृष्ठ रंगीत झालं, श्रद्धांजलीभोवती वेलबुट्टी आली आणि कड बिघडली. ऑपरेटर टॅब न लावता स्पेसबार दाबत बसायचा. माझ्याकडच्या एका अहवालात लाखाचा आकडा सरकत सरकत दहा लाखांच्या घरात जाऊन बसलाय!

म्हणून १९९३ पासून व्हिज्युअल बेसिकबरोबर मिळू लागलेल्या क्रिस्टल रिपोर्ट्स या अहवाल आखायच्या सॉफ्टवेअरला दाद द्यावीशी वाटते. पानाचे आडवे पट्टे: वर शीर्षक, मध्ये तपशील, खाली बेरीज. तपशिलाचा पट्टा एकदाच आखायचा. ठेवीदार चाळीस असोत की चार हजार, प्रत्येकाची नोंद त्याच साच्यातून उतरते. बेरजेचा पट्टा मात्र गट संपल्याशिवाय तोंड उघडत नाही. भजनात कडवं पुरं झाल्याशिवाय टाळकरी धृपद उचलत नाहीत, तसा.

आता अहवाल पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो. वाचायला पान मोठं करावं, तर देणी दिसतात आणि येणी पडद्याबाहेर जातात. दोन्ही बेरजा एका नजरेत मावत नाहीत. परवा बाजारपेठेतून मी तेवढ्या एका पानाचा प्रिंट काढून आणला, आडवा.