‘कन्फेशन्स’मधील सवय आणि क्षमा

संत ऑगस्टीनकृत ‘कन्फेशन्स’ या तेरा स्कंधांच्या लॅटिन ग्रंथाचा परामर्श घेताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा आठव्या स्कंधावरच स्थिरावते. मिलान येथील उद्यानात इ. स. ३८६ मध्ये घडलेले मनःपरिवर्तन हा ग्रंथाचा कळस, आणि पुढील भाग म्हणजे केवळ उपसंहार, असे त्यामुळे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सवय कशी जडते याची मीमांसा याच आठव्या स्कंधात येते. वाकड्या इच्छेतून वासना उपजते, वासनेच्या चाकरीतून सवय जडते आणि सवयीला विरोध न केला की ती अपरिहार्यता बनते. ही साखळी बाहेरून कोणी घातलेली नाही. तिची प्रत्येक कडी बद्ध मनुष्यानेच घडविली आहे. म्हणूनच ती त्याला तोडता येत नाही. उद्यानातील प्रसंगाने ती तुटली, आणि ३८७ मधील बाप्तिस्म्याने पूर्वपापांची क्षमाही लाभली. मग सवयीचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर दहाव्या स्कंधात आहे, आणि ते उत्तर अनेक वाचकांना गैरसोयीचे वाटते. लिहिणारा आता हिप्पोचा बिशप आहे. बाप्तिस्म्याला दहाएक वर्षे लोटली आहेत. तरीही जुन्या सवयीने मनावर कोरलेली चित्रे त्याला स्वप्नांत गाठतात. मद्यपानाची बाधा त्याला नाही, पण जेवताना भूक कोठे संपते आणि चव कोठे सुरू होते हे त्याला निश्चित सांगता येत नाही. शेतातून जाताना सशामागे धावणारा कुत्रा दिसला की चिंतन भंगते. घरी बसल्या जागी पालीने माशी टिपलेली पाहिली तरी तेच. पालीचा हा उल्लेख क्षुल्लक मानून गाळला जातो. वास्तविक ग्रंथाचा सारा प्रामाणिकपणा तेथेच प्रत्ययास येतो. ज्याला क्षमा मिळाली आहे, त्याचेच हे दैनंदिन निवेदन आहे.

मराठी वाचकास येथे प्रारब्धाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानाने संचित दग्ध झाले तरी प्रारब्ध भोगूनच सरते, हा विचार त्याच्या परिचयाचा आहे. तथापि हे साम्य फार ताणता येत नाही. प्रारब्ध सरत जाते. ऑगस्टीनची सवय मात्र प्रत्येक जेवणाबरोबर नव्याने उभी राहते. त्यामुळे तो ईश्वराकडे आज्ञेबरोबरच आज्ञापालनाचे बळही मागतो. ही प्रार्थना रोममध्ये एका बिशपने उच्चारली असता पेलागियसला ती असह्य झाली, असे ऑगस्टीननेच पुढे नमूद केले आहे. पेलागियसचा आक्षेप उथळ नव्हता. बळही मागूनच मिळवायचे, तर मनुष्याचे नैतिक उत्तरदायित्व उरते कोठे? परंतु इच्छा झाली की सवय मोडते, हे त्याच्या भूमिकेमागील गृहीत मात्र दहाव्या स्कंधातील अनुभवापुढे टिकत नाही.

या दृष्टीने नवव्या स्कंधातील मोनिकेची कथा पुन्हा वाचली पाहिजे. ऑगस्टीनची ही माता लहानपणी पिंपातून मद्य काढावयास जाई. प्रथम केवळ ओठ ओले करी. पुढे जवळजवळ पेलाभर पिऊ लागली. एके दिवशी भांडणाच्या भरात दासीने तिला दारूबाज म्हणून हिणविले, आणि ती सवय तत्क्षणी सुटली. दासीचा हेतू डिवचण्याचा होता, सुधारण्याचा नव्हे. एकीच्या दोषातून ईश्वराने दुसरीचा दोष बरा केला, असे ऑगस्टीन म्हणतो. म्हणजे सुटलेल्या सवयीचेही श्रेय तो मोनिकेला देत नाही. येथे त्याचा आग्रह थोडा निष्ठुरच वाटतो.

पण हाच पुत्र त्याच स्कंधाच्या शेवटी, तिच्या मृत्यूनंतर सुमारे दशकभराने, तिच्यासाठी क्षमा मागतो. बाप्तिस्म्यानंतर तिच्या मुखातून एकही अनुचित शब्द निघाला नसेल, असे म्हणण्याचे धाडस त्याला होत नाही. तिने मात्र आपल्या अपराध्यांना क्षमा केली होती, एवढे तो ईश्वराच्या चरणी निवेदन करतो, आणि वेदीपाशी तिचे व पिता पॅट्रिशियसचे स्मरण करण्याची वाचकांना विनंती करतो. संपूर्ण ग्रंथात मोनिकेचे नाव एवढ्या एकाच ठिकाणी आले आहे.