मुकुटानंतरचे पहिले दिवस : अमेरिकेतील शिष्यवृत्ती-सौंदर्यस्पर्धा आणि विजेत्यांचे आत्मकथनपर लेखन

प्रस्तावना

सौंदर्यस्पर्धेची चर्चा करताना समीक्षकांचे लक्ष बहुधा एकाच क्षणावर खिळते. नाव पुकारले जाते, डोळे भरून येतात, मुकुट डोक्यावर चढतो आणि पडदा पडतो. स्पर्धेच्या विरोधकांनीही हाच क्षण निवडला. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटी येथे स्त्रीमुक्तिवादी कार्यकर्त्यांनी ‘मिस अमेरिका’ स्पर्धेविरुद्ध जे प्रसिद्ध निदर्शन केले, त्यात एका जिवंत मेंढीला मुकुट घालण्यात आला होता. सॅरा बॅनेट-वायझर यांच्या १९९९ मधील ग्रंथाने या स्पर्धांचा संबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय अस्मितेशी जोडून दाखविला आणि चर्चेला सैद्धांतिक बैठक दिली. तथापि विजयानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नेमके काय घडते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

‘मिस अमेरिका’ ही केवळ सौंदर्यस्पर्धा नाही, ती शिष्यवृत्ती देणारी स्पर्धा आहे, असे तिचे आयोजक दीर्घकाळ सांगत आले आहेत. स्थानिक किताब, त्यानंतर राज्याचा किताब आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा अशी तिची चढती रचना आहे. त्यामुळे राज्याचा किताब जिंकणारी तरुणी तत्त्वतः एक विद्यार्थिनी असते. प्रस्तुत लेखात तीन ग्रंथांच्या आधारे या विद्यार्थिनीच्या विजयोत्तर दिवसांचा विचार केला आहे. सुझन ड्वॉर्किन यांचे बेस मायरसन यांच्याविषयीचे पुस्तक (१९८७), व्हेनेसा विल्यम्स आणि त्यांच्या मातोश्री हेलन विल्यम्स यांचे संयुक्त आत्मकथन (२०१२) आणि केट शिंडल यांचे ‘बीइंग मिस अमेरिका’ (२०१४) हे ते तीन ग्रंथ होत. शिष्यवृत्तीचे खरे स्वरूप रंगमंचावर कळत नाही, ते या पहिल्या दिवसांत उघड होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शिष्यवृत्तीचा उगम

१९२१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेला प्रारंभी प्रतिष्ठा नव्हती. लेनोरा स्लॉटर यांनी १९३५ पासून पुढे तीन दशके संचालिका म्हणून ती मिळवून दिली. ‘चांगल्या घरातील’ आणि शिकणाऱ्या मुली स्पर्धेत याव्यात, यासाठी त्यांनी शिष्यवृत्तीची कल्पना पुढे आणली. १९४५ मध्ये प्रायोजकांच्या साहाय्याने ५,००० डॉलरची पहिली शिष्यवृत्ती जाहीर झाली आणि ती बेस मायरसन यांना मिळाली.

या कल्पनेकडे तिच्या काळाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. १९४४ मध्ये अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी कायदा केला होता. सैनिकाने सेवा आधी बजावली होती आणि शिक्षणाचा हक्क त्याला नंतर, कायद्याने मिळाला. तो वर्गात बसला तेव्हा त्याच्याकडे कोणाचे देणे उरलेले नव्हते. स्पर्धेतील विजेतीची गोष्ट याच्या उलट होती. शिष्यवृत्ती जाहीर होताच तिची सेवा सुरू होत असे. दौरे, प्रायोजकांच्या मालाची जाहिरात, सत्कार-समारंभ हे सारे तिच्यापुढे वाढून ठेवलेले असे. एकाच काळातील या दोन योजनांमध्ये ‘शिक्षणासाठी साहाय्य’ हा शब्दप्रयोग समान असला, तरी त्यांचा व्यवहार निराळा होता.

नावाचा प्रश्न

ड्वॉर्किन यांच्या पुस्तकात लेखिकेचे निवेदन आणि मायरसन यांच्या आठवणी एकमेकांत गुंफलेल्या आहेत. रशियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची ही मुलगी ब्राँक्समधील कामगार वस्तीत वाढली आणि हंटर कॉलेजमधून संगीताची पदवीधर झाली. १९४५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क शहराचा किताब जिंकला. त्या काळी काही मोठी शहरे राज्यांच्या बरोबरीने राष्ट्रीय स्पर्धेत उतरत. या विजयानंतर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न आला तो नावाचा. ‘मायरसन’ हे आडनाव रंगमंचाला शोभणारे नाही, ‘बेथ मेरिक’ असे नाव घ्यावे, अशी सूचना स्लॉटर यांनी केली. मायरसन यांनी ती नाकारली.

या प्रसंगाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. किताब मिळाला की विजेतीचे स्वतःचे नाव मागे पडते आणि शहराचे वा राज्याचे नाव पट्ट्यावर झळकते. मायरसन यांना झालेली सूचना ही याच प्रक्रियेची पुढची पायरी होती. प्रतिनिधित्व करायचे तर स्वतःची ओळख सोडायची, हा त्यामागील अलिखित नियम होता. लिखित नियमही फारसा निराळा नव्हता. स्पर्धक गौरवर्णीय असावी, अशी अट ‘नियम सात’ म्हणून १९५० पर्यंत अस्तित्वात होती.

८ सप्टेंबर १९४५ रोजी, जपानच्या शरणागतीवर स्वाक्षऱ्या होऊन आठवडाही लोटला नसताना, मायरसन ‘मिस अमेरिका’ झाल्या. हा किताब मिळविणाऱ्या त्या पहिल्या ज्यू स्त्री होत. परंतु पुढील दिवसांत काही प्रायोजकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली, ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. नाट्यगृहांतील प्रेक्षकांना त्यांचे पियानोवादन ऐकण्यापेक्षा त्यांना पोहण्याच्या पोशाखात पाहण्यात अधिक रस होता. दौरा आटोपता घेऊन त्या वंशद्वेषाविरुद्ध शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने देऊ लागल्या. शिष्यवृत्तीच्या रकमेतून त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पुढील शिक्षणही घेतले. म्हणजे शिष्यवृत्ती खोटी नव्हती. परंतु तिच्याबरोबर आलेला मान मात्र जातीपातीच्या दाराशी अडला, हे ड्वॉर्किन यांचे पुस्तक परिणामकारकपणे दाखविते.

नकाराचे सामर्थ्य

पहिल्या दिवसांतील नकार किती दूरगामी ठरू शकतो, याचे उदाहरण म्हणजे ‘मिस अलाबामा’ योलांड बेटबीझ. सप्टेंबर १९५० मध्ये त्या ‘मिस अमेरिका १९५१’ झाल्या. आपण गायिका आहोत, पोहण्याच्या पोशाखात दौऱ्यावर जाणार नाही, असे त्यांनी विजयानंतर स्पष्ट केले. पोहण्याचे पोशाख बनविणारी केटलिना ही प्रायोजक कंपनी यामुळे बाहेर पडली आणि तिने १९५२ मध्ये ‘मिस यूएसए’ व ‘मिस युनिव्हर्स’ या स्पर्धा सुरू केल्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन यांच्या विजयामुळे मराठी घरांघरांत परिचित झालेल्या ‘मिस युनिव्हर्स’चा उगम अशा रीतीने एका विजेतीच्या नकारात आहे.

मायरसन आणि बेटबीझ यांच्या नकारांत एक सूक्ष्म भेद आहे. मायरसन यांनी नाव राखले, बेटबीझ यांनी कला राखली. परंतु दोघींनाही नकार द्यावा लागला तो विजयानंतरच. स्पर्धेच्या रात्री त्या केवळ स्पर्धक होत्या, अटी आयोजकांच्या होत्या. मुकुट मिळाल्यावर मात्र आयोजकांनाही त्यांची गरज निर्माण झाली. सत्तेचा तोल किंचित का होईना बदलण्याची ही एकमेव वेळ असते. म्हणूनच या दिवसांना समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे.

दोन आवाजांतील आत्मकथन

व्हेनेसा विल्यम्स सिरॅक्यूज विद्यापीठात संगीत-नाट्याचे शिक्षण घेत होत्या. १९८३ च्या उन्हाळ्यात त्या ‘मिस न्यूयॉर्क’ झाल्या आणि १७ सप्टेंबर रोजी ‘मिस अमेरिका’. राज्याचा आणि राष्ट्राचा किताब यांत मोजके आठवडे होते. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. त्यांच्या आत्मकथनाची रचना लक्षणीय आहे. त्यात मुलीचे निवेदन आणि आईचे निवेदन आलटून पालटून येते.

या रचनेमुळे पहिल्या दिवसांचे चित्र दुहेरी होते. मुलीच्या वाट्याला धावपळ, छायाचित्रे आणि अभिनंदन येते. आईच्या वाट्याला काळजी येते. विजयानंतर जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. गावी निघालेल्या स्वागताच्या मिरवणुकीत घरांच्या छपरांवर नेमबाज तैनात करावे लागले. मिरवणूक आणि नेमबाज हे एकाच चौकटीतील दृश्य कोणत्याही सैद्धांतिक विवेचनापेक्षा अधिक सांगून जाते. ज्या समाजाने गौरव केला, त्याच समाजापासून संरक्षणही करावे लागले. एकट्या विजेतीच्या निवेदनात हा विरोध कदाचित झाकला गेला असता. आईच्या आवाजामुळे तो झाकता येत नाही.

संमतीशिवाय प्रसिद्ध होणार असलेल्या जुन्या छायाचित्रांमुळे विल्यम्स यांना २३ जुलै १९८४ रोजी किताब सोडावा लागला. २०१५ मध्ये स्पर्धेच्या तत्कालीन प्रमुखांनी रंगमंचावरून त्यांची क्षमा मागितली. परंतु महाविद्यालयीन वाचकाच्या दृष्टीने आणखी एक तारीख महत्त्वाची आहे. अर्धवट राहिलेली पदवी विल्यम्स यांना सिरॅक्यूज विद्यापीठाकडून २००८ मध्ये मिळाली. विजय आणि पदवी यांत पंचवीस वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात त्यांनी गायन-अभिनयात मोठे यश मिळविले, हे खरे. तरीही शिष्यवृत्तीच्या स्पर्धेतील विजयानेच शिक्षण खंडित व्हावे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

महाविद्यालयाचा पत्ता

हीच विसंगती केट शिंडल यांच्या पुस्तकात वेगळ्या अंगाने येते. शिंडल न्यू जर्सीच्या, अटलांटिक सिटीच्या शेजारी वाढलेल्या. तरीही १९९७ मध्ये त्या ‘मिस इलिनॉय’ झाल्या, कारण त्या इलिनॉय राज्यातील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होत्या. राज्याचे प्रतिनिधित्व करण्यासाठी तेथील रहिवास किंवा तेथील शिक्षण यांपैकी एक पुरेसे मानले जाते. १९७० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय तरुणी चेरिल ब्राउन या न्यूयॉर्कच्या. ‘मिस आयोवा’ होण्याचा मार्ग त्यांनाही आयोवातील लूथर कॉलेजमुळेच खुला झाला.

याचा अर्थ असा, की अनेकींच्या बाबतीत राज्याच्या किताबाची पात्रताच महाविद्यालयाच्या पत्त्यातून येते. आणि विजयानंतर प्रथम सुटतो तोही हाच पत्ता. करारावर स्वाक्षरी होते, शाळा, रुग्णालये आणि मिरवणुकांतील उपस्थितीचे वेळापत्रक हाती पडते, राष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलाखतीचा सराव आणि पोशाखांची जुळवाजुळव सुरू होते. पुष्कळदा एखादे सत्र किंवा वर्षभर शिक्षण थांबवावे लागते. राष्ट्रीय विजेतीच्या बाबतीत तर वर्षाची खंड ही जवळजवळ गृहीत असते. शिंडल यांनीही अभ्यास थांबवून एड्सविषयीच्या जनजागृतीसाठी वर्षभर प्रवास केला आणि नंतर परत येऊन पदवी पूर्ण केली.

शिंडल यांच्या लेखनाचे बळ त्यांच्या संमिश्र दृष्टीत आहे. स्वतःच्या आठवणी आणि स्पर्धेचा इतिहास ही दोन सूत्रे त्यांनी समांतर चालविली आहेत. स्पर्धेविषयी त्यांना प्रेम आहे. तिने दिलेले व्यासपीठ त्या नाकारत नाहीत आणि संस्थेच्या दोषांवर पांघरूणही घालत नाहीत. १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाने एखादा सामाजिक प्रश्न हाती घेण्याची पद्धत सुरू झाली. शिंडल यांनी त्या पद्धतीचा गंभीरपणे उपयोग केला. सेवा लादलेली असली तरी तिला स्वतःचा अर्थ देता येतो, हे त्यांच्या पुस्तकाचे सांगणे आहे.

मर्यादा आणि आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की शिष्यवृत्तीने अनेक मुलींचे शिक्षण खरोखरच सुकर केले आहे आणि स्थानिक व राज्य पातळीवरील बरेचसे काम स्वयंसेवक करतात. हा आक्षेप मान्य करावा लागतो. परंतु २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील निवेदक जॉन ऑलिव्हर यांनी संस्थेच्या ४५ दशलक्ष डॉलरच्या दाव्याची छाननी केली, तेव्हा ‘उपलब्ध केलेली’ रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांतील मोठी तफावत पुढे आली. विद्यार्थिनी एकाच विद्यापीठात शिकू शकते. तिला देऊ केलेल्या सर्व सवलतींची बेरीज ही तिला मिळालेली मदत नव्हे.

दुसरा आक्षेप साधनांविषयीचा आहे. येथे विचारात घेतलेल्या तिन्ही स्त्रिया राष्ट्रीय विजेत्या आहेत. दरवर्षी सुमारे पन्नास तरुणी राज्याचा किताब जिंकतात. त्यांतील बहुतेक जणींवर कोणी पुस्तक लिहीत नाही. १९७५ चा ‘स्माइल’ हा चित्रपट कॅलिफोर्नियातील अशाच एका स्पर्धेवर आधारलेला आहे, पण त्याचा उपरोध तयारीवर आणि आयोजकांवर रोखलेला आहे. जी राज्यापुरतीच विजेती राहिली, तिचे पहिले दिवस कसे गेले, वर्गात ती कधी परतली, याची नोंद साहित्यात अत्यल्प आहे. ही उणीव या साहित्यप्रकाराचीच आहे.

समारोप

२०१८ मध्ये ‘मिस अमेरिका’ने पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद केली तेव्हा मोठा बदल झाल्याची चर्चा झाली. बेटबीझ यांनी जे नाकारले होते, ते नियमांतून जाण्यास अडुसष्ट वर्षे लागली. हा बदल रंगमंचावरचा होता. शिष्यवृत्तीची कसोटी मात्र रंगमंचाबाहेर लागते. विजेतीला स्वतःचे नाव राखता येते का, नकार देता येतो का, निर्भयपणे घरी जाता येते का आणि अखेर महाविद्यालयात परतता येते का, या चार प्रश्नांची उत्तरे विजयानंतरच्या पहिल्या दिवसांपासूनच मिळू लागतात.

मायरसन, विल्यम्स आणि शिंडल यांच्यावरील व त्यांच्या लेखनाचे मोल यासाठी आहे, की त्यांत गौरव आणि परतफेड एकाच वेळी दिसतात. शिक्षणासाठी दिलेली मदत ही शिकणाऱ्या व्यक्तीचा वेळ वाढविते की हिरावून घेते, हा प्रश्न सौंदर्यस्पर्धेपुरता मर्यादित नाही. विद्यार्थ्याच्या यशाचा सत्कार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो स्वतःला विचारावा, अशा योग्यतेचा तो आहे.