३८१६५४७२९०

तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. शून्य ते नऊ हे दहाही अंक इथे एकेकदाच आले आहेत. पण तेवढ्याने ही संख्या थोर ठरत नाही. तशा दहा-अंकी संख्या बत्तीस लाखांहून जास्त आहेत. ती डावीकडून एकेक अंक वाढवत वाचावी. ३८ला दोनने भाग जातो, ३८१ला तीनने, ३८१६ला चारने, ३८१६५ला पाचने, आणि असंच थेट दहापर्यंत. बाकी कुठेच उरत नाही. दहाही अंक एकेकदाच वापरून हे साधणारी दुसरी संख्या नाही.

दुसरी का नाही, हे स्वतः ताडून पाहण्यात खरा आनंद आहे. शेवटी शून्य हवं, म्हणून पाचवा अंक ५च. दुसरा, चौथा, सहावा, आठवा अंक सम; मग विषम अंकांना विषम स्थानंच उरतात. तिसरा अंक विषम असल्यामुळे चारने भाग जायला चौथा २ किंवा ६ लागतो. आठव्याचंही तसंच. म्हणजे ४ आणि ८ यांना दुसरं नि सहावं स्थान. आता पहिल्या तीन अंकी संख्येला तीनने भाग जातो, पहिल्या सहा अंकी संख्येला सहाने. तेव्हा चौथ्या, पाचव्या, सहाव्या अंकांची बेरीज तीनच्या पटीत हवी. तिथे २५८ किंवा ६५४, तिसरा पर्यायच नाही! किती थोड्या युक्तिवादात संख्येचा गाभा हाती आला.

पुढे तीन आणि आठच्या कसोट्या लावल्या की फक्त दहा संख्या शिल्लक राहतात. नऊची चिंता नको, एक ते नऊची बेरीजच ४५. या दहांत एक चेहरा ओळखीचा आहे: ९८७६५४३२१०. उलट मोजणीची ही साधी संख्या सहापर्यंत बिनचूक येते. आठलाही ती खरी उतरते, आणि ९८७६५४३२ भागिले ८ म्हणजे चक्क १२३४५६७९! पण सातपाशी ती अडते. ९८७६५४३ला सातने भागलं की बाकी ५.

या सातपाशी मी नेहमी रेंगाळतो. बाकीच्या कसोट्या अंकांकडे नुसतं पाहून लागतात. सातसाठी सरळ भागाकार करावा लागतो. दहांपैकी नऊ इथे गळतात आणि ३८१६५४७ भागिले ७ बरोबर ५४५२२१ येतात. दोन उरल्या असत्या किंवा एकही उरली नसती, तरी आधीच्या तर्कात काही खोट निघाली नसती. नेमकी एकच उरावी, असं सांगणारा कुठलाही नियम मला त्यात दिसत नाही. म्हणूनच ही संख्या मला इतकी प्रिय आहे.

उरलेल्या नऊ संख्या वरच्या अटींवरून कागदावर मांडता येतील. प्रत्येकीचे पहिले सात अंक घेऊन सातने भागून पाहा. सुरुवात १४७२५८९पासून करा. बाकी ६ येईल.