हातातला पडदा आणि उजनीचे ‘उणे’ पाणी

बारामती तालुक्यातील कांबळेश्वर हे गाव आज महाराष्ट्रातील कितीतरी घरांत ओळखीचे झाले आहे. त्याचे कारण म्हणजे तेथे तयार होणारी ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही विनोदी मालिका. ती यूट्यूबवर एकेक भाग चढवत घरोघर पोहोचली. रामभाऊ आणि बाळासाहेब ही त्यातली पात्रे मोठ्यांना जशी ठाऊक आहेत, तशीच शाळकरी मुलांनाही. विज्ञानाच्या मासिकाने अशा मालिकेची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, घरातील करमणूक बदलते ती तंत्रामुळे, आणि त्या बदलाचे परिणाम दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात येऊन बसतात.

पूर्वी या भागात करमणूक जत्रेबरोबर येई. तमाशाचा फड आणि तंबूतला सिनेमा ही तिची दोन रूपे. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, 1973 मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले आणि पुढे हळूहळू गावोगावी दूरचित्रवाणी संच आले. त्या पडद्यावर खेडे असे, पण बहुधा शहरात लिहिलेले. कांबळेश्वरच्या मालिकेचे पहिले श्रेय हे की, तिच्यातले खेडे स्वतःच्या तोंडाने बोलते. भावकीतले रुसवे, उसाच्या गप्पा, पारावरची टिंगल यांना पाठांतराचा वास येत नाही. दोषही आहेत. तीच युक्ती पुन्हा पुन्हा येते. प्रसंगातून जे आपोआप कळले असते, ते काही भागांत शेवटी उपदेश करून सांगितले जाते. तरीही गावातील माणसांनी गावातच कथा रचावी, चित्रित करावी आणि ती लाखोंनी पाहावी, ही गोष्ट लहान नाही.

हे शक्य कसे झाले, याचा हिशेब विद्यार्थ्यांना फळ्यावर करता येईल. पडद्यावरील एका पूर्ण चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 74 हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी 3 बाइट आणि सेकंदाला 25 चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे 15 कोटी 55 लाख बाइट लागतील. 20 मिनिटांचा भाग 186 जीबीच्या पुढे जाईल! प्रत्यक्षात तो काहीशे एमबीत मावतो. याचे मुख्य कारण असे की, प्रत्येक चित्र नव्याने पाठवले जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच पाठवले जाते. पारावर दोन माणसे बोलत बसली असतील, तर मागची भिंत तीच राहते; फक्त ओठ आणि हात हलतात. याउलट वाऱ्यात हलणारा ऊस किंवा भिगवणजवळ एकदम उडालेला रोहित पक्ष्यांचा थवा दाखवायचा, तर जवळजवळ प्रत्येक बिंदू बदलतो. इंटरनेटचा वेग कमी असेल, तर अशा वेळी चित्राचे चौकोन पडतात. हे घरच्या मोबाइलवर कोणालाही पडताळता येईल.

दुसरी बाब वहनाची. दूरदर्शनचा प्रक्षेपक एकच लहर सर्वांसाठी सोडतो. ती कोणी झेलली आणि कोण मध्येच उठून गेले, हे त्याला कळत नाही. ऑनलाइन चित्रफितीचे तसे नाही. तिचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि आपला मोबाइल एकेक तुकडा मागून घेतो. वेग मंदावला, की तो कमी प्रतीचा तुकडा मागतो, म्हणून चित्र अस्पष्ट झाले तरी सहसा थांबत नाही. प्रत्येक घराला स्वतंत्र धागा मिळावा, तशी ही सोय आहे. परंतु मागणी केली की नोंद होते. कोणी काय पाहिले, कोठे थांबले, काय अर्ध्यात सोडले, हे सारे दुसऱ्या टोकाला जमा होत जाते.

आमची खरी तक्रार येथून सुरू होते. 2012 साली यूट्यूबने शिफारशींचा मुख्य आधार बदलला. चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली, याला महत्त्व आले. 2018 साली कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले, की तेथे पाहण्यात जाणाऱ्या वेळापैकी 70 टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे जातो. म्हणजे कॅमेरा गावात आला खरा, पण पुढे काय दिसावे याची निवड गावाच्या हातात आली नाही. आणि निवडणाऱ्या यंत्रणेचा मुख्य प्रश्न ‘किती वेळ पाहतील?’ हा असतो, ‘खरे किती?’ या प्रश्नाला तेथे फारच थोडी जागा आहे.

याचे उत्तम उदाहरण शेजारच्या इंदापूर तालुक्यात मिळते. भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याखाली या तालुक्यातील अनेक गावे गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिरही पाण्याखाली गेले. पाणी खूप उतरले की ते उघडे पडते. मग त्याच्यावरून ड्रोन फिरतात आणि ‘उजनी कोरडी पडली’ अशा मथळ्यांच्या चित्रफिती हातोहात पसरतात. दृश्य सुंदर असते, मागे गंभीर संगीत असते, आणि धरण ‘उणे पन्नास टक्के’ झाले असे सांगितले जाते. पाणी उणे कसे असेल, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

उत्तर अवघड नाही. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी तळाचा सुमारे 63.5 टीएमसी हा मृतसाठा आणि वरचा सुमारे 53.5 टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्यातील पाणी कमी होऊ लागले की उणे. तेव्हा उणे पन्नास टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे 27 टीएमसी गेले, तरी सुमारे 37 टीएमसी उरले. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा 29.15 टीएमसी आहे, त्याहून हे अधिकच! 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती, तेव्हाही ती कोरडी नव्हती. मग टंचाई खोटी होती काय? मुळीच नाही. पाणी काठापासून दूर हटले की इंदापूरच्या शेतकऱ्याला मोटार आणि पाइप त्याच्या मागे न्यावे लागतात, केबल वाढवावी लागते. मृतसाठ्याचे पाणी कालव्यात आपोआप चढत नाही. संकट आहे ते पाणी हाती लागण्याचे आणि वाटपाचे. ‘कोरडी’ या एका शब्दाने नेमके तेच झाकले जाते.

दोष एकट्या चित्रफीत करणाऱ्याचा नाही. वाहिनीला जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी 1000 वर्गणीदार आणि बारा महिन्यांत 4000 तास पाहिले जाणे, अशी एक अट 2018 पासून आहे. 4000 तास म्हणजे 20 मिनिटांचा भाग पूर्णपणे 12,000 वेळा पाहिला जाणे. मृतसाठा समजावणारी चित्रफीत करून हा आकडा गाठणे किती कठीण, आणि भीती दाखवून गाठणे किती सोपे, हे सांगायला नको. कांबळेश्वरच्या कलावंतांनी हा आकडा हसवून ओलांडला, यासाठी त्यांचे कौतुक अधिकच वाटते.

घरातही फरक पडला आहे. एका संचासमोर सारे घर बसे, तेव्हा आजोबा मध्येच म्हणत, “हे काही खरं नाही.” आता प्रत्येकाचा पडदा वेगळा आणि त्यावरची शिफारसही वेगळी. चुकीची दुरुस्ती करणारा शेजारी उरला नाही. ती जागा शाळेने घ्यावी, असे आम्हांस वाटते.

मोबाइलला नुसती बंदी घालून हे होणार नाही. आठवी-नववीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहावा. घरच्या तीन मोबाइलवर ‘उजनी धरण’ हे शब्द शोधून पहिल्या पाच चित्रफितींची नावे वहीत उतरवून आणायची. याद्या एकसारख्या आहेत का, मथळ्यातील दावा आत सिद्ध होतो का, आकडा कोठून घेतला हे सांगितले आहे का, चित्रीकरणाची तारीख दिली आहे का, हे वर्गात तपासायचे. त्यानंतर मुलांनीच ‘उणे’ म्हणजे काय हे सांगणारी तीन मिनिटांची चित्रफीत करावी, कांबळेश्वरकरांसारखी आपल्या बोलीत आणि हवे तर हसवत. ती फार लोकांनी पाहिली नाही तरी चालेल. ग्रामपंचायतीत दाखवली तरी पुढच्या उन्हाळ्यात गावातले काहीजण मथळा वाचून थांबतील आणि विचारतील, “उणे, पण कशाच्या?”